बिजलीचे चार पाय आणि माझी तीनशेची लेन्स

घ्या, चहा घ्या, गार होईल. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा सांगायला लागलो की मध्येच कुणी फिदीफिदी केलेलं मला खपत नाही. फजित्या माझ्या पुष्कळ झाल्यात. पण ठराव करून, सूचक-अनुमोदक लावून, वर सोसायटीचा शिक्का मारून झालेली फजिती ही एवढीच!

मूळ खोट माझ्या स्वभावात. मला प्रश्न पडतात. मांजर पडताना पायावरच कशी पडते? कोंबडा ढगाळ दिवशी कशावरून आरवतो? एकदा प्रश्न पडला की मला जेवण जात नाही. आमची ही म्हणते, "तुम्हाला प्रश्न पडत नाहीत, तुम्हीच प्रश्नात पडता." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य खोडायला मला अजून जमलेलं नाही.

तेव्हा मी चौसाळ्याच्या आतल्या अंगाला एका लहान गावी शाळेवर होतो. साल दुष्काळाचं. नळाला पाणी यायचं ते पाहुण्यासारखं, आठवड्यातून एकदा, आणि आलं तरी बसायचं नाही. शाळेच्या मागं आम्ही बत्तीस रोपं लावली होती. कडुलिंब, चिंच, करंज. पोरं खिचडीच्या ताटल्या धुतलेलं पाणी जपून नेऊन रोपांना घालायची. पहिलीतली एक पोरगी तर तोंडातली चूळसुद्धा वाया जाऊ देत नसे. आपल्या चिंचेच्या बुडाशी वाकून टाकायची आणि मला सांगायची, "गुर्जी, हिला लई तहान लागती."

आता सांगा, मे महिन्यात शाळा बंद झाल्यावर ह्या बत्तीस रोपांना कोण पाणी घालणार होतं? 

गावात पाणी होतं ते फक्त दूध सोसायटीकडं. सोसायटीचा टँकर रोज चेरमनच्या बोअरवर भरायचा आणि दुधाचे कॅन धुवायला यायचा. चेरमन म्हणजे तात्या. पांढरे कपडे, हातात काठी, मिशी अशी की तिच्यावर वेगळा ठराव करावा. माणूस दिलदार, पण सहकारात मुरलेला. त्यांच्याकडं सरळ काही मागितलं की ते म्हणायचे, "अर्ज करा." अर्ज सभेपुढं जाई आणि सभा कोरमअभावी तहकूब होई. माझा झाडांच्या पाण्याचा अर्ज असा दोनदा तहकूब झाला होता.

एक दिवस सकाळी सोसायटीसमोरच्या हॉटेलात आम्ही चहा पीत बसलो होतो. मी, तात्या, सोसायटीचे सेक्रेटरी आणि नेहमीची पाचदहा डोकी. तेवढ्यात दुधाचा टेम्पो निघाला आणि त्याच्या मागं बिजली सुटली.

बिजली म्हणजे पार्वताक्काची कुत्री. आक्का शेळ्या राखायची आणि बिजली आक्काला राखायची. अंगानं सडसडीत, लांब तोंडाची, उंच पायांची शिकारी जात. उभी असली की वाटावं हिला चार दिवस कुणी भाकरी घातली नाही. पळायला लागली की मात्र डोळे ठरायचे नाहीत!

मी बशी खाली ठेवली. "तात्या, बघितलं का? पळताना तिचे चारी पाय एकदम हवेत होते!"

"काय बोलता गुर्जी," तात्या म्हणाले. "चारी पाय उचलल्यावर ती पडंल की धाडकन!"

"पडत नाही. क्षणभर उडते."

"उडायला ती काय कबुतर हाय का? जन्म गेला माझा जनावरात. बैल बघा, म्हैस बघा. एक तरी पाय भुईला लागतोच. न्हाईतर जोर कशावर द्यायचा?"

"म्हशीचं सोडा, मी कुत्र्याचं बोलतोय."

"का बरं? कुत्र्याला देवानं येगळं शास्त्र दिलंय का?"

झालं! हॉटेलात दोन पॅनेल पडली. आमच्या भागात दोन माणसं एकत्र आली की सोसायटी होते आणि तिसरा आला की विरोधी पॅनेल. भजी थंड झाली. एक जण टेबलावर दोन हात टेकून कुत्रं कसं पळतं ते करून दाखवायला लागला. तात्या हट्टाला पेटले. आणि तात्या हट्टाला पेटले की उदार होतात हे मला ठाऊक होतं.

मी म्हटलं, "तात्या, पैज! मी सिद्ध केलं तर पाऊस पडेपर्यंत दर आठवड्याला सोसायटीच्या टँकरची एक खेप शाळेच्या झाडांना."

"अन् हारला तर?"

"हरलो तर झाडांचं नाव काढणार नाही."

"तेवढ्यावर भागायचं न्हाई. हारला तर वर्षभर या हॉटेलात तोंड उघडायचं ते निस्तं चहासाठी. अक्षर बोलायचं न्हाई!"

टाळ्या पडल्या. एवढ्या जोरात पडल्या की मला जरा वाईटच वाटलं.

आता दुसरीकडं पैज लागली की टाळी देतात आणि विषय संपतो. आमच्याकडं तसं नाही. टँकर सोसायटीचा, म्हणजे ठराव पाहिजे. दुसऱ्या दिवशी सभा बोलावली. आणि बघा, कॅन धुवायच्या पावडरीला जो कोरम जमत नव्हता तो कुत्र्याच्या पायांसाठी दुप्पट जमला! एकानं उपसूचना मांडली की कुत्रं गावातलंच असावं. दुसरा म्हणाला, पळतानाचं धरायचं, उडी मारतानाचं नाही. तिसऱ्यानं पळायच्या फेऱ्या तीन ठरवल्या. सेक्रेटरींचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं, म्हणून प्रोसिडिंग बुक माझ्यापुढं सरकवलं गेलं.

मी ऐटीत लिहिलं: "श्रीमती पार्वताबाई यांच्या कुत्रीचे पळताना चारही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटतात, हे छायाचित्राद्वारे सिद्ध झाल्यास..."

'छायाचित्राद्वारे' हा शब्द मला कुणी सांगितला नव्हता. मी आपण होऊन घातला. माझ्याकडं कॅमेरा होता ना! मेहुण्याची हौस फिटल्यावर त्यानं मला दिलेला. गावात मोठा कॅमेरा असलेला मी एकटाच. मग मिरवायला नको?

संध्याकाळी कॅमेरा घेऊन माळावर गेलो. त्याच्यावर होती लहान लेन्स, लग्नात नवरा-नवरीला जवळून धरायला ठीक. लांबून काढला तर बिजली फोटोत मुंगीएवढी. जवळ जाऊन बसलो तर बिजलीला वाटलं, गुरुजी खेळायला बसलेत. ती थेट माझ्याच अंगावर आली आणि लेन्स चाटून स्वच्छ केली! आक्काच्या मोबाईलला तर कॅमेराच नव्हता. सेक्रेटरींच्या मोबाईलवर काढून बघितलं, त्यात बिजली म्हणजे एक पिवळा पट्टा. पट्ट्याला कुठले आलेत पाय?

म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स पाहिजे होती. मग काय, लागलो मागं! भेटेल त्याला विचारलं. चौसाळ्याच्या लग्नाच्या फोटोग्राफरला विचारलं, तो म्हणाला, "नवरदेव पळून जाईल अशी भीती हाय का गुर्जी?" शेवटी रविवारी एस.टी.नं बीड गाठलं.

कॅमेऱ्याच्या दुकानात रफिकभाई बसलेले. वय झालेलं, चष्मा कपाळावर. मी म्हटलं, "पळणाऱ्या कुत्र्याचा फोटो काढायचाय. पायांचा."

रफिकभाईंनी चष्मा खाली घेऊन मला नीट पाहिलं. "गुरुजी, कुत्र्याच्या शर्यती लावता काय?"

"नाही. झाडांना पाणी घालायचंय."

 त्यांनी आतून चहा मागवला. वेड्याशी बोलायचं तर चहा पाहिजेच असं त्यांना वाटलं असणार.

आधी त्यांनी काचेच्या कपाटातली एक लेन्स दाखवली. तोफच! मी हात पुढं केला तसे म्हणाले, "हां हां, ये सिर्फ देखने की. एवढ्या पैशात गुरुजी, दुभती म्हैस येती." मी हात मागं घेतला. मग त्यांनी दोन जुन्या, वापरलेल्या लेन्स काढून ठेवल्या. एकीची ओढ अडीचशे मिलिमीटरपर्यंत, दुसरीची तीनशेपर्यंत; आकडा जेवढा मोठा, तेवढं लांबचं जवळ. अडीचशेचीत हाताची थरथर थांबवणारं यंत्र होतं. तीनशेचीत ते नव्हतं, म्हणून ती स्वस्त.

मला लगेच प्रश्न पडला. "ते यंत्र नसलं तर फोटो हलणार नाही का?"

"वो यंत्र तुमच्या हाताची थरथर थांबवतं. कुत्ते के पाय थोडेच थांबवतं? पळत्या जनावराला शटर जोरात मारावं लागतं. आन् शटर जोरात मारायचं तर उजेड पायजे. ह्या स्वस्त लेन्सला तेच लागतं, भरपूर उजेड."

"उजेडच ना?" मी छाती पुढं काढून म्हणालो. "भाई, आमच्याकडं पाऊस नाही, चारा नाही. ऊन मात्र सहा महिन्यांचं शिल्लक आहे!"

माझ्या आयुष्यातला तो एकमेव सौदा, ज्यात दुष्काळ माझ्या बाजूनं होता. भाई म्हणाले, अडीचशेची घ्या, सांभाळायला सोपी. पण मी शिक्षक. तीनशे हे अडीचशेपेक्षा मोठे, हे मी रोज फळ्यावर शिकवतो. तीनशेचीच घेतली.

घरी आल्यावर हिनं पिशवीत डोकावलं. हे पैसे कूलरसाठी साठवलेले होते, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच.

"हे काय आणलं?"

"लेन्स. लांबचं जवळ दिसतं."

"हिच्यातून माझा कूलर दिसतो का बघा बरं जरा."

मी पाहिलं नाही.

पुढचे आठ दिवस मी काय सांगू! अहो, जग नव्यानं दिसायला लागलं. शाळेच्या ओट्यावर बसून मी फाट्यावरच्या एस.टी.चा नंबर वाचायचो. हॉटेलवाल्याच्या परातीत भजी किती उरली, ते जागेवरून सांगायचो. देवळाच्या कळसावरच्या कावळ्याच्या मिश्या पाहिल्या. हो, कावळ्याला चोचीपाशी केस असतात, ठाऊक होतं का तुम्हाला? नव्हतं ना? मलाही नव्हतं! जे दिसेल ते पूर्ण तीनशेवर ओढून बघायचं, ही सवयच लागली. लेन्सची नळी मागं घेता येते, हे मी जवळजवळ विसरून गेलो.

मग ठरलेला दिवस उजाडला. जागा गावामागचा पाझर तलाव. तलाव म्हणायचा आपला, पाणी कधीच आटलेलं. आतला गाळ जेसीबीनं काढून शेतात टाकायचं काम चालू होतं, त्यामुळं तळाला ही एवढी मऊ भुकटी पसरलेली, पिठासारखी. सकाळचं स्वच्छ ऊन. सगळा गाव बांधावर. सेक्रेटरी प्रोसिडिंग बुक काखेत मारून आलेले. एका टोकाला आक्का, दुसऱ्या टोकाला बिजलीला धरून हॉटेलवाला. मी मधे बाजूला, लांब, मांडी ठोकून बसलेला.

"सोड!" तात्यांनी काठी उंच केली. आक्कानं हाक दिली, "यूऽऽ बिजले!"

बिजली सुटली. मी कॅमेरा तिच्याबरोबर फिरवत बटण दाबून धरलं. खटाखटाखट! असं वाटलं की आपण जन्माला आलो ते ह्यासाठीच. गाव धावत माझ्याभोवती गोळा झालं. मी पडदा पुढं केला.

काय फोटो होते म्हणून सांगू! बिजलीचा डोळा, डोळ्यात चमकणारं ऊन. मागं उडालेले कान. जिभेवरचा थेंब न थेंब मोजून घ्यावा. मी स्वतःच म्हणालो, "वा!"

तात्यांनी चष्मा लावला. एक फोटो पाहिला, दुसरा पाहिला, दहावा पाहिला.

"गुर्जी, झ्याक हायत. पन पाय कुटं हायत?"

मी पाहिलं. मान होती. पाठ होती. एका फोटोत तर नुसतंच नाक होतं. मी सवयीनं पूर्ण तीनशे लावून बसलो होतो, आणि बिजली पोटापासून खाली सबंध फोटोच्या बाहेर पळत होती! चार पाय सोडा, साठ फोटोंत मिळून एक नख सापडेना.

"चारी पाय भुईवर न्हाईत, हे मातर सिद्ध झालं," मागून कुणीतरी म्हणालं. "फटूतबी न्हाईत!"

दुसरी फेरी. ह्या वेळी मी शहाण्यासारखी नळी मागं घेतली, बिजली सबंध मावेल अशी. सगळं जुळून आलं. पण कुत्रं सुटलं तसं सेक्रेटरींना राहवलं नाही. नीट दिसावं म्हणून ते चार पावलं पुढं सरकले, ते बरोबर माझ्यापुढं. त्या फेरीत माझ्याकडं सेक्रेटरींच्या पॅन्टचे चाळीस फोटो आले. त्यात दोन्ही पाय जमिनीवर होते.

तिसरी आणि शेवटची फेरी.  डोळ्यापुढं ती पहिलीतली पोरगी आणि तिची चिंच. सगळ्यांना मी हात जोडून मागं सारलं. आक्कानं हाक दिली. बिजली निघाली. आणि अर्ध्या वाटेवर तिनं मला बघितलं. जमिनीवर बसलेला माणूस! खेळायला बसलेला! आक्का तिकडं ओरडतेय आणि ही वळून थेट माझ्याकडं. खटाखटाखट करता करता फोटोत फक्त धुरकट नाक मोठं होत गेलं आणि पुढच्या क्षणी मी उताणा, बिजली छातीवर. मग ती धापा टाकत बांधाच्या सावलीला जाऊन जी पडली ती पडलीच. उन्हात तिला कोण पळवणार, आणि फेऱ्या तरी कुठं उरल्या होत्या?

 तात्या मिशीवरून हात फिरवत होते. बाकी गाव कदाचित हॉटेलातल्या शांततेचं वर्ष डोळ्यापुढं आणत असेल. माझ्या डोळ्यापुढं बत्तीस वाळलेल्या काटक्या उभ्या राहिल्या, आणि खरं सांगतो, मान वर करवेना.

तेवढ्यात पार्वताक्का चालत आली. ती वाटेतच थांबली आणि खाली बसली.

"गुर्जी, फटू कावून काडायलेत तुमी?"

"पाय बघायला, आक्का."

"मंग हितं बघा की खाली."

आम्ही गेलो. पिठासारख्या त्या भुकटीत बिजलीच्या पंजांचे ठसे उमटले होते, नखांसकट. आक्कानं बोट ठेवलं. "हितं चारी पंजे एका जागी. पुढं बघा, कायबी न्हाई. निस्ती माती. अन् मंग त्या तितं पुन्ना चारी. मदल्या जागंत ती व्हती कुटं मग? हवंतच की! शेरडामागं फिरताना म्या रोज बघती. मला इचारायचं तर."

तात्या वाकले. त्यांनी आपली काठी मोकळ्या जागेत आडवी ठेवली. काठी संपली तरी जागा उरली. त्यांनी काठी पुढं सरकवून परत ठेवली. मग बिजलीकडं पाहिलं, जणू तिची लांबी डोळ्यांनीच मापत होते.

"आयला," तात्या हळूच म्हणाले. "उडती की ही!"

मी आनंदानं ओरडणार, तोच सेक्रेटरींनी काखेतलं बुक उघडलं. "चेरमनसाहेब, अडचण हाय. ठरावात 'छायाचित्राद्वारे' असं लिव्हलंय. ठशांद्वारे न्हाई."

"हे कुणी घातलं मधी?" तात्या गरजले.

सेक्रेटरींनी बुक फिरवून दाखवलं. सुंदर, टपोरं, वळणदार अक्षर. सगळ्या गावानं माझ्याकडं पाहिलं.

मी म्हटलं, "एवढंच ना? ठशांचाच फोटो काढतो! फोटोसाठी फेरी लागत नाही."

तात्यांना ते पटलं. त्यांनी मापासाठी काठी तशीच धरून ठेवली. मी कॅमेरा डोळ्याला लावला. लेन्स गुरगुरली, पुढं गेली, मागं आली, पुन्हा गुरगुरली, पण ठसे काही स्पष्ट होईनात. लांबचं बघायची सवय असलेली ती बया, पायाशी असलेलं तिला दिसेचना! दोन पावलं मागं गेलो, तेव्हा दिसायला लागलं. पण नळी पूर्ण मागं घेतली तरी दिसला एकच पंजा. इकडचे चार आणि तिकडचे चार एका फोटोत पाहिजेत, म्हणजे अजून मागं जायला हवं. लहान लेन्स? ती घरी. वाघ मारायला निघालेला माणूस सोबत गोफण घेतो का?

"मागं सरा गुर्जी!" लोक सांगायला लागले.

मी मागं सरलो. डोळा कॅमेऱ्याला.

"आजून मागं!"

सरलो. आता सात पंजे दिसत होते. एकच राहिला होता. एकच!

तिकडं तात्यांचा धीर सुटला. एका हातानं काठी धरून दुसऱ्या हातानं त्यांनी खिशातून आपला मोबाईल काढला आणि आक्कापुढं धरला. "आक्का, तुमीच काडा बरं एक. हे घ्या, हितं दाबा."

"मला काय कळतंय त्यातलं? कुटं दाबू?"

"हितं. ह्या गोलावर."

मी मागं एक पाऊल टाकलं. आठवा पंजा आला! मी म्हणणार होतो, "जमलं!" पण मागं जेसीबीनं खणलेला खड्डा होता आणि खड्ड्यात तलावाचा उरलासुरला चिखल. गावातल्या दोन म्हशी तिथंच डुंबायच्या. माझ्या पायाखालची ढेकळं सुटली, आणि नेमकं त्याच क्षणी आक्कानं गोल दाबला.

पुढचं काय सांगायचं! मी कमरेपर्यंत चिखलात. डोक्यावर दोन्ही हातांनी धरलेला कॅमेरा, कोरडा ठणठणीत. माणसं धावत आली. त्यांनी आधी लेन्स वर घेतली, पुसली, सावलीला ठेवली आणि मग मला काढायचं कसं त्याची चर्चा सुरू केली. शेजारची म्हैस माझ्याकडं बघत होती. तिला मात्र माझं अजिबात कुतूहल वाटलेलं दिसलं नाही.

मला बाहेर ओढलं तेव्हा तात्या आणि सेक्रेटरी मोबाईलवर डोकं घालून उभे होते. तात्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, उन्हानं चक्कर आली की काय! जवळ जाऊन बघतो तर डोळ्यांतून पाणी, आणि मिशीत मावेनासं हसू.

आक्काच्या आयुष्यातला तो पहिला फोटो. पुढं तात्यांची काठी, काठीच्या अलीकडं चार पंजे, पलीकडं चार पंजे, सगळं कसं लख्ख. आणि काठीच्या वरच्या बाजूला, बरोबर मधोमध, मी. खाली खड्ड्याची कड, वर आभाळ, तोंड उघडं, आणि मी दोन्हींच्या मधे!

"आक्का," तात्या डोळे पुसत म्हणाले, "पानी दिलं. दर शनवारी एक खेप. ठराव मंजूर!"

मी चिखलासकट तात्यांना मिठी मारायला निघालो, तसे ते आपले पांढरे कपडे सांभाळत चार हात मागं सरले. शनिवारी टँकर खरंच आला. शाळा बंद असूनही पोरं आली होती. पहिलीतली ती पोरगी सबंध वेळ पाइपाच्या तोंडाशी उभी होती, आपल्या चिंचेला कमी पडू नये म्हणून. मला काय वाटलं ते मी सांगत बसत नाही. तुम्ही समजून घ्या.

पण टँकरचा कॉक उघडायच्या आधी सेक्रेटरींनी बुक माझ्यापुढं धरलं. प्रोसिडिंग पूर्ण झाल्याशिवाय पाणी सोडता येत नाही म्हणाले. फोटोची प्रत आधीच पानाला चिकटवलेली होती. मजकूर तात्यांनी उभ्या उभ्या सांगितला आणि अक्षर चांगलं म्हणून तो लिहावा लागला मला. आजही सोसायटीत गेलात तर बघायला मिळेल, माझ्याच टपोऱ्या, वळणदार हस्ताक्षरात:

"सोबत जोडलेल्या छायाचित्रात कुत्रीचे चारही पाय जमिनीपासून सुटल्याचे ठशांवरून, व गुरुजींचे दोन्ही पाय जमिनीपासून सुटल्याचे प्रत्यक्ष दिसून येत असल्याने, सदर ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात येत आहे."